निकालाच्या यादीत नसलेला धावपटू

संशोधनाला विषय सापडतो कुठे, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. मी पीएचडीसाठी लांब पल्ल्याच्या धावण्याचा इतिहास घेतला, पण माझा खरा प्रश्न मला एका निकालाच्या यादीत सापडला. ते कसं, ते सांगतो.

कॉलेजात असताना आम्ही चार मित्र पुण्यात हाफ मॅरेथॉन धावायचो. पहाटे साडेचारला होस्टेलचं दार वाजवणारा एकच, बाकी आम्ही तिघे कुरकुरत उठणारे. शेवटच्या शर्यतीत नेमका तोच सतराव्या किलोमीटरला थांबला. निकालात आमची तिघांची नावं, त्याचं नाही. पदकं घातलेल्या फोटोतही आम्ही तिघेच, कारण फोटो त्यानेच काढला होता.

आता समजा, पन्नास वर्षांनी एखाद्या संशोधकाच्या हाती ही यादी आणि हा फोटो लागला. तो लिहील, "तीन मित्र धावले." दोन्ही पुरावे अस्सल, एकमेकांशी जुळणारेही. निष्कर्ष मात्र चुकीचा!

1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकचे निकाल वाचताना मला हे आठवलं. तिथे मॅरेथॉनमध्ये भारताकडून दोघे होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले सुमारे 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावे आले. दुसरे सदाशिव दातार. त्यांची शर्यत पूर्ण झाली नाही. चौगुल्यांना निदान क्रमांक आणि वेळ मिळाली. दातारांच्या नावापुढे फक्त 'अपूर्ण'. किती धावले, का थांबले, हे निकालाची यादी सांगत नाही. ते सांगणं हे तिचं कामच नाही.

चौगुल्यांची वेळ आजच्या वेळांशी ताडून बघायचा मोह होतो ना? थांबा. अँटवर्पची शर्यत 42.75 किलोमीटरची होती. आजचं 42.195 हे अंतर 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमधलं, विंडसर किल्ल्यापासून स्टेडियमपर्यंतचं. ते 1921 मध्ये अधिकृत ठरलं. आपल्या हाफ मॅरेथॉनचे 21.0975 किलोमीटर म्हणजे त्याचंच निम्मं. म्हणून आकडा उतरवून घेण्याआधी तो कशाचा आहे ते विचारा.

हे धावपटू ऑलिम्पिकपर्यंत पोचले कसे? त्याचा एक महत्त्वाचा पुरावा म्हणजे दोराबजी टाटांचं पत्र. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी पाहिलेल्या स्पर्धेची आठवण त्यात आहे: शेतात राबणारी मुलं, बहुतेक अनवाणी, आणि तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांच्या वेळा चांगल्या. पत्र मोलाचं आहे, शंकाच नाही. पण ते 1929 चं आहे, म्हणजे घटनेनंतर सुमारे दहा वर्षांनी लिहिलेलं. शिवाय लिहिणारे अध्यक्ष आहेत, धावणारी मुलं नाहीत. अनवाणी धावणं बघणाऱ्याला नवल वाटलं. धावणाऱ्याला काय वाटलं, ते त्या पत्रातून कळत नाही.

म्हणून कोणताही कागद हाती आला की मी आता तीन गोष्टी विचारतो. यात काय मोजलंय? हे कुणी, केव्हा लिहिलं? आणि यात कोण नाही?

तिसरा प्रश्न विचारला आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्या चौथ्या मित्राला मी कधी काही विचारलंच नव्हतं. गुडघा दुखला असेल, असं आम्ही तिघांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. इतक्या वर्षांनी फोन केला.

तो हसला. म्हणाला, "गुडघा कसला? बुटाचा तळ सुटला होता. जुनेच बूट घेतले होते, नोंदणीच्या फीनंतर नव्यांना पैसे उरले नव्हते. तुम्हाला सांगितलं असतं तर वर्गणी काढली असतीत. ते नको होतं मला."

दातारांना आता फोन करता येणार नाही. तुमच्या विषयातली काही माणसं मात्र अजून हयात असतील. अर्काइव्हला जायच्या आधी त्यांना गाठा, आणि यादीत ज्यांची नावं नाहीत त्यांच्यापासून सुरुवात करा.