सुरतेची आग आणि घरोघरचे दारूकाम

शोभेच्या दारूच्या खाजगी वापरावर बंदी असावी काय, हा वाद बहुधा धूर आणि गोंगाट यांच्या अंगाने चालतो. सुरतेचा इतिहास पाहता तो आगीच्या अंगाने मांडावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. २४ एप्रिल १८३७ रोजी तेथील माछलीपीठ भागात एका पारशी गृहस्थाच्या घरी तापलेले डांबर सांडून पेटले. घरांचे सांगाडे लाकडी. आग पसरावयास वेळ लागला नाही. ती शमली तेव्हा ९,७३७ घरे भस्म झाली होती. १६६४ च्या शिवछत्रपतींच्या स्वारीतही सुरत जळली होती. पण ते युद्ध होते. ही आग एका घरच्या कामातून निघाली. दारूकामाशी तिचा संबंध नव्हता हे खरे. तथापि दाट वस्तीतील विस्तव एका घरापुरता राहत नाही, एवढे तिने दाखविले.

बंदीची कल्पनाही जुनीच आहे. एप्रिल १६६७ मध्ये औरंगजेबाने सर्व सुभ्यांच्या मुत्सद्द्यांना आतषबाजी बंद करण्याविषयी लिहविले, अशी दरबारी अखबारातील नोंद आहे. सुरत बंदराचा अधिकारीही मुत्सद्दीच म्हणवीत असे. (मराठीत या शब्दास आलेला अर्थ निराळा.) हुकूम सरसकट होता, दारूकाम काही त्याने संपले नाही.

ते कोण उडवीत असे, हा मात्र विचार करण्याजोगा भाग आहे. परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० नंतरचे उल्लेख परिश्रमपूर्वक एकत्र केले आहेत. १४४३ साली अब्दुर रझाकने विजयनगरास पाहिलेले दारूकाम राजाच्या उत्सवातील होते. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील दारूकाम लग्नातले, पण ते लग्नही राजकुळातले. पेशव्यांच्या बखरीत तर मोठी मौजेची हकीकत आहे. कोट्याच्या दिवाळीत दारूची लंका रचून हनुमंताकरवी ती जाळतात, असे महादजी शिंद्यांनी सांगताच सवाई माधवरावांनी पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका करविली. पुणेकरांनी ती पाहिली. आपापल्या अंगणात दारू उडविण्याची गरज कोणास भासली नाही.

घरोघरचा फटाका हा कारखान्याचे अपत्य आहे. शिवकाशीच्या धंद्याने तो स्वस्त केला आणि एकाचा खेळ शेकडोंनी पाहण्याऐवजी प्रत्येकाच्या हाती काडी आली. तेव्हा खाजगी वापर बंद केल्याने प्राचीन परंपरा बुडेल, हा आक्षेप आम्हांस टिकाऊ वाटत नाही. लहान मुलाच्या हातची फुलबाजी जाईल, ही हळहळ मात्र खरी आहे आणि तिला उत्तर देणे कठीण आहे. २३ ऑक्टोबर १८ च्या, म्हणजे २०१८ च्या, निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीस रात्री ८ ते १० ही वेळ नेमून दिली आणि ठरविलेल्या जागी सामुदायिक दारूकाम करता येईल काय, हे पाहण्यास सांगितले. सुरतेपुरते बोलावयाचे तर जुन्या शहरातील गल्ल्यांत खाजगी दारूकाम बंद व्हावे, आणि नगरपालिकेने तापीकाठी एखादी लंका उभारावी.