तानसेनची समाधी, चिंचेचं झाड आणि आमचे अण्णा

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत डिसेंबर म्हणजे तानसेन समारोह. गाण्याची मैफल कबरीपाशी भरते हे ऐकून पुण्या-मुंबईचे पाहुणे चकित व्हायचे. आम्हाला त्यात कधी नवल वाटलं नाही.

हजीऱ्याला सूफी संत मुहम्मद गौस यांचा जाळ्यांच्या नक्षीकामाचा भव्य मकबरा आहे, आणि त्याच्या शेजारीच तानसेनची साधी, छोटी समाधी. १९२४ साली माधवराव शिंद्यांच्या काळात इथे उर्साच्या रूपानं गाणं सुरू झालं. सकाळी शहनाई, मग ढोलीबुवा मठाची हरिकथा, मग मिलाद आणि चादर. हरिकथा आणि मिलाद एकाच अंगणात! स्वातंत्र्यानंतर नभोवाणीमंत्री डॉ. बा. वि. केसकरांनी याला अखिल भारतीय रूप दिलं. आकाशवाणीमुळे इथलं गाणं देशभर पोचलं, पुढे दूरदर्शनचे कॅमेरेही आले.

आमचे अण्णा गवई नव्हते, पण पक्के कानसेन. कृष्णराव शंकर पंडितांचं गाणं त्यांनी सतरंजीवर बसून, रजाई पांघरून पहाटेपर्यंत ऐकलेलं. पंडितजींना १९८० मध्ये तानसेन सन्मान मिळाला, तेव्हा अण्णांनी गल्लीत पेढे वाटले, जणू घरातच मिळाला!

आता मनाला लागलेली गोष्ट. साल १९८६. तेव्हा बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. क्लोजिंगचे दिवस, रात्री दहा-दहा वाजेपर्यंत लेजर जुळवत बसायचो. अण्णा म्हणाले, "एक रात्र घेऊन चल रे, टेम्पोनं जाऊ." मी म्हटलं, "अण्णा, सर्दी किती आहे! टीव्हीवर दाखवणार आहेत, घरीच बघा आरामात."

ते काही बोलले नाहीत. मफलर गुंडाळून टीव्हीसमोर बसले. मी उशिरा परतलो तेव्हा विचारलं, "कसं झालं?" म्हणाले, "गाणं छान झालं. पण बाजूला 'वाहवा' म्हणणारं कुणी नव्हतं. आणि ते चिंचेचं झाड काही दाखवलं नाही."

त्या झाडाची पानं चघळली की गळा गोड होतो, अशी आख्यायिका. अण्णा दरवर्षी एक पान खिशात घालून आणायचे आणि आईला द्यायचे.

पुढचा डिसेंबर त्यांनी पाहिला नाही. त्या वर्षीचा ताळेबंद माझा पैशापर्यंत जुळला होता, पण ही एक नोंद आजवर जुळलेली नाही.

२०२४ मध्ये समारोहाचं शंभरावं पर्व झालं. गुडघे कुरकुरत होते, तरी नातवाला घेऊन हजीऱ्याला गेलो. तो मोबाईलवर शूटिंग करायला लागला. म्हटलं, "ते नंतर. आधी बस, ऐक." निघताना चिंचेचं एक पान खिशात घातलं आणि घरी येऊन अण्णांच्या फोटोपाशी ठेवलं.

लष्करातल्या जुन्या मंडळींनी आपापल्या आठवणी जरूर लिहाव्यात. आणि घरातलं म्हातारं माणूस "घेऊन चल" म्हणालं, तर घेऊन जा.