जंबेरी

(सिट्रस जंभिरी, कुल रूटेसी). लिंबूवर्गातील काटेरी, सदापर्णी लहान वृक्ष. फळ पिवळे, साल जाड व खडबडीत, रस आंबट. आनुवंशिक अभ्यासानुसार हा मँडरिन संत्रे व महाळुंग यांचा संकर असून गुणसूत्रे १८ आहेत. बाजारात फळाला फारसा मान नाही; पण विदर्भातील संत्र्याची बाग बव्हंशी याच झाडाच्या मुळांवर उभी आहे, म्हणून त्याचे शरीरक्रियाविज्ञान फळापेक्षा कितीतरी मोलाचे.

जंबेरीचे बी बहुभ्रूणी असते. लैंगिक भ्रूणाबरोबर बीजांडाच्या मातृऊतीतूनही भ्रूण निर्माण होतात आणि बहुधा तेच जोमाने वाढतात. त्यामुळे बहुतेक रोपे मातृवृक्षाशी जनुकीयदृष्ट्या एकरूप निघतात. वेगळी दिसणारी रोपे रोपवाटिकेत निर्दयपणे उपटलीच पाहिजेत. बी वाळले की उगवणशक्ती झपाट्याने घटते, म्हणून ते ताजेच पेरतात. अमरावती जिल्ह्यातील शेंदुरजनाघाट परिसरातील रोपवाटिकांत या रोपांचा खुंट (कलमाचा मुळाकडील भाग) करून त्यावर नागपुरी संत्र्याचे डोळे बांधले जातात.

मुळे खोल व विस्तृत असल्याने झाड पाण्याचा ताण सोसते, कलम जोमदार वाढते व भरपूर फळते. मात्र फळातील साखर व आम्ल काहीसे कमी राहते. ट्रिस्टेझा विषाणूला हा खुंट सहनशील आहे. फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवापुढे मात्र तो हतबल ठरतो: निचरा न होणाऱ्या काळ्या जमिनीत मुळे कुजतात, बुंध्यातून डिंक वाहतो. डोळा जमिनीपासून उंच बांधावा आणि कलमाचा सांधा मातीत गाडू नये, ते यासाठीच.