सुट्या तेलाचा माग लागत नाही

ऑगस्ट १९९८. दिल्लीत माणसांचे पाय सुजू लागले, धाप लागू लागली. एपिडेमिक ड्रॉप्सीची साथ! मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल मिसळलेलं निघालं. या धोतऱ्याचं बी मोहरीसारखंच बारीक, काळं. आपल्याकडे पडीक रानात उगवतो तोच काटेरी धोतरा. साठच्या आसपास माणसं गेली, हजारो आजारी पडली.

कायदा नव्हता असं नाही. भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ पासून होता. पण पिंपातून मापाने दिलेलं तेल कुठल्या घाण्यावरचं, मध्ये कोणी काय ओतलं, हे शोधायचं कसं? पकडायचं कोणाला?

म्हणून सप्टेंबर १९९८ मध्ये केंद्राने आदेश काढला: खाद्यतेल सीलबंदच विकायचं, पॅक करणाऱ्याने नोंदणी करायची, वर नाव-पत्ता छापायचा. पुढे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला. खोट्या लेबलला ३ लाखांपर्यंत दंड. असुरक्षित अन्नाने जीव गेला, तर किमान ७ वर्षं ते जन्मठेप.

तरी सुटं तेल विकलं जातंच. रोजच्या कमाईवर वीस रुपयांचं तेल नेणाऱ्याची अडचण खरी आहे. पण भेसळीचा पहिला फटकाही त्यालाच बसतो. नुसत्या धाडी टाकून भागणार नाही. छोटं सीलबंद पाऊच त्याच्या खिशाला परवडलं पाहिजे.

आणि मंडळी, बिल मागा. कलम ४० प्रमाणे विकत घेताना दुकानदाराला सांगून, फी भरून, ग्राहकही नमुना तपासून घेऊ शकतो. हा हक्क वापरा!