पूर्वजांच्या कबरीचा शोध : दगडाआधी नोंदवही

आपल्या पणजोबांचे दफन कोठे झाले, त्यांच्या कबरीवर एकदा तरी मेणबत्ती लावता येईल काय, असा प्रश्न अनेक कुटुंबांत विचारला जातो. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या भाविकाला, नेहमीच्या अटी पाळल्यास, मृतात्म्यांसाठी पापदंडाची संपूर्ण माफी मिळवता येते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. या दिवसांत हा प्रश्न विशेषच जाणवतो. शोध कसा घ्यावा, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दफनभूमीत जाऊन दगड वाचत फिरणे ही शोधाची सुरुवात नव्हे. सामान्य कुटुंबांच्या कबरींवर कोरीव दगड क्वचितच असे. लाकडी क्रूस काही पावसाळ्यांतच नाहीसा होई. शिवाय धर्मग्रामाची जागा मर्यादित असते. मुंबई व वसई परिसरात सर्वसाधारण कबर काही वर्षांनी पुन्हा वापरली जाते. अस्थी आदराने काढून कोनाड्यात किंवा अस्थींसाठी राखलेल्या जागेत ठेवतात. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याची वा कोळ्याची कबर आज सापडेलच असे नाही. त्याचे नाव मात्र धर्मग्रामाच्या नोंदवहीत सापडू शकते.

नोंदवह्यांची परंपरा

ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहाची व स्नानसंस्काराची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथात मृतांच्या नोंदवहीचा समावेश झाला. आजच्या कॅनन कायद्यातही (१९८३) ही जबाबदारी कायम आहे. कलम ५३५ नुसार प्रत्येक धर्मग्रामाने स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या वह्या ठेवायच्या असतात आणि जुन्या वह्याही काळजीपूर्वक जतन करायच्या असतात. कलम ११८२ दफनानंतर मृत्यूची नोंद करण्यास सांगते.

शोधासाठी स्नानसंस्काराची वही विशेष उपयोगी आहे. तिच्या समासात दृढीकरण व विवाह यांची नोंद केली जाते. पणजोबांचा विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला असेल तर त्या गावाचे नाव तेथे मिळू शकते. तेथून विवाहाची वही, मग मुलांचे स्नानसंस्कार आणि शेवटी मृत्यूची वही, असा क्रम धरावा. शेवटच्या मुलाचा स्नानसंस्कार ज्या धर्मग्रामात झाला, तेथील मृत्यूची वही आधी पाहावी.

वहीची भाषा

जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत आढळतात. काही शब्द ओळखता आले तरी पुष्कळ काम होते. लॅटिन 'ओबिइत' म्हणजे मृत्यू पावला, 'सेपुल्तुस' म्हणजे पुरला गेला, 'फिलिउस' म्हणजे मुलगा. दगडांवरील पोर्तुगीज लेखांत 'सेपुल्तुरा' म्हणजे कबर आणि 'एर्देइरोस' म्हणजे वारस. अमुकाची व त्याच्या वारसांची कबर असा लेख असेल तर एकाच दगडाखाली अनेक पिढ्या असू शकतात. आडनावेही तोकडी लिहीत. 'रोइज' दिसल्यास ते रॉड्रिग्ज समजावे. एकाच गावात एकाच नावाचे व आडनावाचे अनेक जण असतात. तेव्हा वडिलांचे नाव, आळी व घराण्याचे उपनाव जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

वसईचा किल्ला याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकण्यापूर्वी किल्ल्यातील चर्चच्या फरशीखाली पोर्तुगीज सरदार व त्यांच्या कुटुंबीयांची दफने होत. त्यांचे कोरीव दगड आजही तेथे आहेत. डॉ. जे. गर्सन दा कुन्हा यांनी चौल व वसईच्या इतिहासावरील १८७६ च्या ग्रंथात यांतील अनेक लेख नोंदवले. दगड संपन्नांचे राहिले. किल्ल्याबाहेरील गावांत शेती करणाऱ्या आपल्या पूर्वजांसाठी आपल्याला वहीकडेच वळावे लागते.

वही कोठे असेल?

धर्मप्रांतांच्या सीमा बदलत गेल्या, हे ध्यानात ठेवावे. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईतून वेगळा झाला. त्याआधी १८८६ ते १९२८ या काळात पाद्रुआदोची धर्मग्रामे दमण धर्मप्रांताकडे होती. म्हणून त्या काळाचे कागद मुंबईबरोबर गोव्यातही शोधावे लागू शकतात. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुण्यातून निघाला. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीतून, तर अमरावती १९५५ साली नागपूरमधून निघाला.

मराठवाड्यातील कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते, ती स्थळनामांची. बेंबळीचेच उदाहरण घेऊ. हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात आहे. २०२३ पूर्वी जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते आणि निजाम राजवटीतील जुन्या कागदांत हाच भाग नळदुर्ग जिल्हा म्हणून येतो. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्यामुळे गाव शोधताना ही सर्व नावे पाहावीत. शासकीय दप्तरात मोडी व उर्दू लिपीतील कागदही मिळतात. ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

खेड्यांत मिशनरी एका केंद्रात राहून अनेक गावांची सेवा करीत. अशा वेळी दफन गावच्या जमिनीत आणि नोंद मिशन केंद्राच्या वहीत, असे घडू शकते. गावात वही नाही म्हणून शोध सोडू नये. आपल्या गावाला पूर्वी कोणत्या केंद्रातून धर्मगुरू येत, हे वडीलधाऱ्यांना विचारावे.

दफनभूमीत

प्रमुख धर्मगुरूंची भेट आधी ठरवावी. त्यांच्याकडे व्यक्तीचे नाव, आईवडिलांची नावे, गाव आणि मृत्यूचे अंदाजे वर्ष लेखी द्यावे. वही स्वतः हाताळण्याचा आग्रह धरू नये, जुना कागद सहज तुटतो. झिजलेला लेख सकाळच्या वा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अधिक स्पष्ट दिसतो, तेव्हा छायाचित्र घ्यावे. तारेचा ब्रश, आम्ल किंवा रंग कधीही वापरू नये. एका दिवसाच्या उत्साहात तीनशे वर्षांची अक्षरे जाऊ शकतात. वसई किल्ला संरक्षित स्मारक आहे, तेथील दगडांना तर हातही लावू नये.

कबर सापडली नाही तरी श्रम वाया जात नाहीत. मृत्यूची तारीख मिळाली तर त्या दिवशी मिस्सा अर्पण करता येते, आणि त्यासाठी दगडाची गरज नसते. मिळालेली माहिती कुटुंबाने लिहून ठेवावी व तिची एक प्रत धर्मग्राम कार्यालयात द्यावी. वाळवी, ओल व दुर्लक्ष यांमुळे एखादी वही गेली, तर ज्यांच्या नावाचा दगड कधीच नव्हता अशा शेकडो भाविकांची शेवटची खूण तिच्याबरोबर जाते. म्हणून आपल्या धर्मग्रामातील जुन्या वह्या कोरड्या व सुरक्षित जागी आहेत काय, याची विचारपूस प्रत्येक धर्मग्राम परिषदेने वर्षातून एकदा अवश्य करावी. आपल्या पूर्वजांवर केलेले ते एक दयाकृत्यच ठरेल.