कासिम बेगची वाट

बाबराचे नाव निघाले की डोळ्यांसमोर पानिपत उभे राहते. शाळेच्या पुस्तकात त्याची सुरुवातच १५२६ पासून होते. त्याआधीची वीस-बावीस वर्षे हा माणूस कुठे भटकत होता, कोणाच्या भरवशावर जगत होता, हे मुलांना सांगायला आम्हा शिक्षकांनाही सवड नसते. बाबरावर प्रेम करणारे आणि त्याचा राग करणारे, दोन्हीकडची माणसे आम्ही पाहिली आहेत. ‘बाबरनामा’ मात्र दोघांच्याही घरात क्वचितच सापडतो. वास्तविक ते पुस्तक आपल्याला परके नाही. मूळ चगताई तुर्कीतल्या या आत्मकथेचा फारसी तर्जुमा अब्दुर्रहीम खानखानाने केला आणि १५८९ मध्ये अकबरापुढे ठेवला. मूळ तुर्की पाठाचे एक मोलाचे हस्तलिखित तर आपल्या दखनमध्येच, हैदराबादच्या सालारजंग घराण्याच्या संग्रहात होते.

या पुस्तकातल्या एका हिवाळ्याची ही हकिकत. तिचा नायक आमच्या मते बाबर नाही, त्याचा सरदार कासिम बेग आहे.

सन १५०६. बाबर तेवीस वर्षांचा. काबूल हाती येऊन दोनच वर्षे झालेली. उझबेकांचा शैबानी खान चढाई करून येत होता, म्हणून त्याच्याविरुद्ध एक व्हावे या इराद्याने बाबर हेरातच्या तैमुरी नातलगांकडे गेला. पण त्याला बोलावणारा सुलतान हुसेन मिर्झा त्याच साली वारला होता आणि गादीवर त्याचे दोन मुलगे एकाच वेळी बसले होते. मेजवान्या उत्तम, लढाईची तयारी शून्य. दारूच्या मैफिलीत तोवर दारू न प्यायलेल्या बाबराला आग्रह होऊ लागला, तेव्हा कासिम बेगनेच मध्यस्थामार्फत मिर्झांना कडक निरोप धाडून तो थांबवला. हिवाळा इथेच काढा असे सगळे म्हणत, पण राहण्याची धड सोय कोणी करीना. इकडे काबूलची काळजी. अखेर ७ शाबान ९१२, म्हणजे २४ डिसेंबर १५०६ रोजी बाबराने हेरात सोडले.

वाटा दोन होत्या. कंदाहारवरून जाणारी लांबची, पण बिनधोक. दुसरी घोर आणि हजारा मुलखातल्या डोंगरांतून जाणारी जवळची. बाबराचे मन कंदाहारकडे होते. कासिम बेग हट्टाला पेटला, डोंगराचीच वाट धरायची! त्याचे ऐकले गेले. पीर सुलतान पशाई नावाचा वाटाड्या घेतला.

वाटेतच रमजानचा चांद दिसला. आज अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात असलेल्या चगचरानपाशी बर्फ घोड्यांच्या गुडघ्यांच्या वर गेला. पुढे तो रिकिबीला लागू लागला. कित्येक ठिकाणी घोड्याचे पाय जमिनीला टेकतच नव्हते. वाटाड्याची वाट चुकली ती चुकलीच. म्हातारपणामुळे म्हणा, धास्तीने म्हणा की बर्फामुळे, बाबर स्वतः नक्की काही सांगत नाही. त्याला दोष देण्याची घाई तो करत नाही, एवढे आम्हाला नोंदवावेसे वाटते.

आणि इथे कासिम बेग घोड्यावरून उतरला. हट्ट आपला होता, तेव्हा अब्रूही आपलीच. त्याने आपल्या दोन मुलांना बरोबर घेतले आणि बर्फ तुडवायला सुरुवात केली. मग बाबर उतरला, त्याच्या जवळची दहा-पंधरा माणसे उतरली. रीत अशी. एकाने पुढे व्हायचे, सात-आठ, फार तर दहा पावले बर्फ दाबत जायचे. प्रत्येक पावलाला माणूस कमरेपर्यंत, छातीपर्यंत आत जाई. तो दमला की जागीच उभा राहायचा आणि मागचा पुढे व्हायचा. पंधरा-वीस माणसांनी असे तुडवले की एक मोकळा घोडा पुढे ओढायचा. तोही पोटापर्यंत रुतत दहा-पंधरा पावले जाई, मग दुसरा. दिवसभरात कोस-दीड कोस. जवळपास आठवडाभर हेच चालले होते.

बाकीचे लष्कर? चांगले चांगले सरदार, बहादूर म्हणवणारे, घोड्यावरून न उतरता तयार वाटेवरून खाली मान घालून मागे येत होते. बाबराने त्यांना हुकूम केला नाही. ही हुकुमाची वेळच नव्हती, ज्याच्यात हिंमत असेल तो आपणहून उतरेल, असा त्याचा विचार. आम्हाला या प्रसंगात सर्वांत जास्त हलवतात त्या या खाली घातलेल्या माना. त्यांना लाज वाटत होती, पण पाय रिकिबीतून निघत नव्हते.

झिर्रीन खिंडीच्या पायथ्याशी खवाल-कूती नावाची गुहा लागली. त्या दिवशी वावटळ अशी उठली की सगळ्यांनी जगण्याची आशा सोडली. वाट एका घोड्यापुरती, दिवस लहान. पुढचे उजेडात गुहेपाशी पोचले, मागचे इशाच्या नमाजपर्यंत येतच होते. कित्येकांनी रात्र खोगिरावरच काढली. गुहा लहान दिसली, म्हणून बाबराने फावडे घेऊन तोंडाशीच मुसल्याएवढी जागा खणली. छातीइतके खणूनही जमीन लागली नाही. आत चला म्हणून लोकांनी विनवले, तो गेला नाही. माझी माणसे बर्फात आणि मी उबेत, हे त्याला पटेना. दोस्तांसोबतचे मरण म्हणजे मेजवानी, अशा अर्थाची फारसी म्हण तो इथे आठवतो. इशाच्या सुमारास कोणीतरी आत नीट पाहून ओरडले, गुहा मोठी आहे, सगळे मावतील! तोवर बाबराच्या डोक्यावर, पाठीवर, कानांवर बर्फ साचला होता. त्या रात्री त्याच्या कानाला थंडी बाधली. आत पन्नास-साठ जणांना ऊब मिळाली, ज्याच्याजवळ जे होते ते त्याने पुढे ठेवले.

सकाळी वारा पडला. खिंड ओलांडून, पुन्हा एक रात्र उघड्यावर काढून, कोणाचे हात तर कोणाचे पाय थंडीने निकामी करून घेऊन ते याकावलंगला उतरले. गावकऱ्यांनी घरे उघडली, मेंढ्या, चारा, सरपण दिले.

बाबराचे चरित्र लिहिणारे पुष्कळदा इथे थांबतात, कारण इथे तो फार देखणा दिसतो. पुढचे पान उलटले की काबूलच्या वाटेवर बेसावध पडलेल्या तुर्कमान हजारांच्या हिवाळी छावणीवर त्याने घातलेला छापा येतो. हे हजारा वाटसरूंना लुटत, असे त्याचे म्हणणे. मेंढ्या, घोडे लुटले. चौदा-पंधरा म्होरके पकडले गेले. इतरांना जरब बसावी म्हणून त्यांना हाल करून मारायचे त्याच्या मनात होते. बर्फात दोस्तांसाठी कुडकुडणारा आणि हा, माणूस एकच. दोन्ही गोष्टी त्यानेच लिहून ठेवल्या.

मारणे मात्र झाले नाही. वाटेत ते कैदी कासिम बेगच्या नजरेस पडले आणि त्याने त्यांना सोडून दिले. बाबर यावर नाराज आहे, ही दया अवेळी होती असे तो लिहितो. त्याच पुस्तकात आणखी एका ठिकाणी तो कासिम बेगचे वर्णन करतो. पक्का दीनदार, शंकेचे अन्न न खाणारा, अकलेचा, गमत्या. आणि लिहिता-वाचता न येणारा. त्यामुळे हट्ट का धरला, मुलांना बर्फात उतरवताना काय वाटले, कैदी का सोडले, यातले काहीच कासिम बेगच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेले नाही. जे आले ते नाराज झालेल्या मालकाच्या लेखणीतून. ते चौदा-पंधरा हजारा सुटल्यावर कुठे गेले, तेही पुस्तकात नाही. डोंगरात बर्फ तेव्हाही होताच.