हंस एक्स-१ : न दिसणाऱ्या जोडीदाराचा शोध

आजचा विषय आहे कृष्णविवरं, आणि बोलायला उभे आहोत आम्ही, म्हणजे तत्त्वज्ञानाचे निवृत्त मास्तर. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, फळ्यावर समीकरणं मांडणं आम्हाला जमणार नाही. या विषयाकडे आम्ही वळलो ते एका जुन्या प्रश्नापायी. जी वस्तू प्रकाश बाहेर सोडतच नाही, ती 'आहे' असं म्हणण्याचा अधिकार खगोलशास्त्रज्ञांना कुठून मिळाला? २०१९ साली कृष्णविवराचं चित्र वर्तमानपत्रांत छापून आलं, म्हणून पुष्कळांना वाटतं की पुरावा तेव्हा मिळाला. तसं नाही. त्याच्या कितीतरी आधी निकाल लागत आलेला होता. तो कसा लागला, हे आज एकाच खटल्याच्या आधारे पाहू.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. आम्ही वर्गात हे शिकवायचो, तेव्हा मुलं हसायची, कारण घरोघरी गॅस आला होता आणि स्वयंपाकघरात अग्नी असायचा पण धूर नसायचा! पण नैयायिकांना हेही ठाऊक होतं. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. म्हणजे धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. हा गोळा जरा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता इंग्लंडमध्ये जाऊ. यॉर्कशरमधल्या थॉर्नहिल गावी जॉन मिशेल नावाचे धर्मगुरू होते. भूकंप, चुंबक, तारे, सगळ्यात डोकं घालणारे. १७८३ साली त्यांनी हेन्री कॅव्हेंडिश यांना लिहिलेला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. त्या काळी प्रकाश म्हणजे सूक्ष्म कण, ही न्यूटनची कल्पना रूढ होती. मिशेल यांचं म्हणणं असं, की सूर्याइतक्याच घनतेचा पण त्याच्या पाचशे पट व्यासाचा तारा असेल, तर त्याचा प्रकाश वर जाऊन पुन्हा खाली पडेल. आपल्यापर्यंत पोचणारच नाही. हा भाग अलीकडे बराच सांगितला जातो. आम्हाला मात्र त्याच निबंधातलं पुढचं वाक्य जास्त मोलाचं वाटतं. मिशेल विचारतात, असा तारा असला तर तो कळणार कसा? आणि उत्तरही देतात. त्याच्याभोवती एखादा प्रकाशमान तारा फिरत असेल, तर त्या दिसणाऱ्याच्या हालचालीवरून न दिसणाऱ्याचं अस्तित्व काही एका संभाव्यतेनं अनुमानता येईल.

'काही एका संभाव्यतेनं.' खात्रीनं नव्हे. या माणसाला अनुमानाची मर्यादाही दिसत होती.

पुढे एकोणिसाव्या शतकात प्रकाश म्हणजे लहरी असं ठरलं, आणि ही कल्पना अडगळीत पडली. ती परत आली आइनस्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतातून. पहिल्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर असताना कार्ल श्वार्त्सशिल्ट यांनी त्या समीकरणांचं एक उत्तर काढलं. ते १९१६ साली प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी ते वारले. त्या उत्तराप्रमाणे सूर्य सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत दाबला, तर त्यातून प्रकाश सुटणार नाही. पण असं घडतं का? १९३० साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखर यांनी आकडेमोड सुरू केली. तिच्यातून पुढे निघालं ते असं, की विझत चाललेला तारा सूर्याच्या सुमारे १.४ पटींपेक्षा जड असेल, तर तो श्वेतबटू म्हणून स्थिर राहू शकत नाही. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या सभेत आर्थर एडिंग्टन यांनी त्याची थट्टा केली. गंमत अशी, की या गणिताचा शेवट कुठे होतो हे एडिंग्टन यांना स्वच्छ दिसलं होतं. तारा आकसतच जाईल. ते दिसल्यामुळेच त्यांनी गणित नाकारलं, कारण निसर्ग असा वेडेपणा करू देणार नाही, अशी त्यांची श्रद्धा. १९३९ साली ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी तारा कोसळण्याचं गणित मांडलं, तर त्याच वर्षी खुद्द आइनस्टाइन यांनी असं घडणार नाही असा निबंध लिहिला. थोरांच्या श्रद्धा अशा आड येतात. आम्ही एडिंग्टन यांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे फक्त गणित होतं, डोंगरावर धूर दिसलेला नव्हता.

धूर दिसला तो क्ष-किरणांत. क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, त्यामुळे जमिनीवरून ते आकाश दिसत नाही. १९६४ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोतून सोडलेल्या अग्निबाणावरच्या उपकरणांना हंस तारकासमूहात क्ष-किरणांचा एक जोरदार स्रोत सापडला. त्याचं नाव पडलं सिग्नस एक्स-१, आपण हंस एक्स-१ म्हणू. अग्निबाणाला वातावरणाबाहेर मिळतात जेमतेम काही मिनिटं. खरी सोय झाली ती १२ डिसेंबर १९७० रोजी, केनियाच्या किनाऱ्याजवळून रिकार्डो जियाकोनी यांच्या गटाचा उपग्रह सुटला तेव्हा. तो दिवस केनियाचा स्वातंत्र्यदिन, म्हणून उपग्रहाचं नाव ठेवलं 'उहुरू'. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य.

उहुरूनं दाखवलं, की हंस एक्स-१ स्थिर तेवत नाही, लुकलुकतो. एका सेकंदापेक्षा कमी वेळात त्याचं तेज खालीवर होतं. आता यावरून बघा काय निघतं. एखादी वस्तू एका सेकंदाच्या आत एकदम उजळायची, तर तिच्या एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला तेवढ्या वेळात पोचली पाहिजे. खबर प्रकाशापेक्षा वेगानं जात नाही. म्हणजे ती वस्तू ३ लाख किलोमीटरपेक्षा लहान हवी. सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटर! तेव्हा हा नेहमीचा तारा नव्हे, हे नक्की झालं.

पण तो नेमका कुठे आहे? क्ष-किरणांच्या उपकरणांना जागा ढोबळच कळत होती, आणि तेवढ्या भागात तारे अनेक. मदत आली रेडिओ दुर्बिणींकडून. १९७१ च्या वसंतात तिथे एक रेडिओ स्रोत नव्यानं उगवला, आणि त्याच सुमारास हंस एक्स-१ चे क्ष-किरणही बदलले. दोन्ही एकच, हे मान्य झालं. रेडिओनं जागा अचूक दाखवली, आणि तिथे होता एचडीई २२६८६८ या क्रमांकाचा एक निळा तारा. नवव्या प्रतीचा, म्हणजे साध्या डोळ्यांना न दिसणारा, पण लहान दुर्बिणीतूनही सापडणारा. निळे तारे स्वतः असे क्ष-किरण फेकत नाहीत. मग फेकतं कोण?

इंग्लंडमध्ये लुईझ वेब्स्टर आणि पॉल मर्डिन, आणि कॅनडात टोरांटोजवळच्या वेधशाळेत टॉम बोल्टन यांनी स्वतंत्रपणे या ताऱ्याचे वर्णपट घेतले. वर्णपटात काळ्या रेषा असतात. तारा आपल्याकडे येत असेल तर त्या निळ्याकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्याकडे. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी लागते आणि लांब जाणारीची उतरती, तोच हा प्रकार. निळ्या ताऱ्याच्या रेषा डुलत होत्या. ५.६ दिवसांत एक फेरा, वेग सेकंदाला साधारण ७० किलोमीटर. सूर्याच्या कित्येक पट जड तारा कुणाच्या तरी भोवती फेर धरत होता, आणि त्या 'कुणाचा' वर्णपटात मागमूस नव्हता. त्यांचे निबंध १९७२ च्या सुरुवातीला 'नेचर'मध्ये आले. मिशेल यांनी सांगितलेली युक्ती १८८ वर्षांनी वापरली गेली.

आता इथे जे अनुमान झालं, ते साधं धूर-अग्नीचं नाही. न्यायभाष्यात वात्स्यायनांनी सांगितलेलं परिशेष अनुमान आहे ते. शब्द हे द्रव्य नाही, कर्म नाही, म्हणून तो गुण. तसंच हे. जोडीदार साधा तारा नाही, कारण दिसत नाही आणि लहान आहे. श्वेतबटू नाही, कारण १.४ ची चंद्रशेखर मर्यादा ओलांडतो. न्यूट्रॉन तारा नाही, कारण त्याचीही मर्यादा सूर्याच्या सुमारे तिपटीच्या आत येते. उरलं काय? कृष्णविवर. ज्या आकड्याची १९३५ मध्ये थट्टा झाली, तो आता साक्षीदार म्हणून उभा राहिला!

परिशेष अनुमानाची नस मात्र दुखरी असते. पर्यायांची यादी पूर्ण आहे, हे कशावरून? आणि एकेक पर्याय खरोखर कटला आहे, हे कशावरून? आक्षेप अगदी इथेच आले. कुणी म्हटलं, व्यवस्थेत तिसरा तारा दडलेला असेल. कुणी म्हटलं, निळा तारा दिसतो तेवढा भारी नसेलच. तो जवळचा आणि हलका असेल, तर जोडीदारही हलका ठरेल आणि सगळं प्रकरण कोसळेल. म्हणून १९७३ मध्ये अंतराचा शोध घेतला गेला. वाटेतल्या धुळीमुळे ताऱ्याचा प्रकाश तांबूस होतो. जितकं अंतर जास्त, तितका तांबूसपणा जास्त. त्या दिशेच्या इतर ताऱ्यांशी ताडून पाहिलं तेव्हा हा तारा कित्येक हजार प्रकाशवर्षं दूर निघाला. तेव्हा तो खरोखरच भारी. पेच सुटला धुळीनं. आम्हाला हा सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो, पण सांगताना तो हमखास गाळतात.

१९७४ साली स्टीफन हॉकिंग आणि किप थॉर्न यांनी याच वस्तूवर पैज लावली. हॉकिंग म्हणाले, हे कृष्णविवर नाही. सगळं आयुष्य कृष्णविवरांवर घातलेला माणूस! त्यांचा हिशोब असा, की कृष्णविवरं खोटी ठरली तर निदान पैज तरी जिंकू. १९९० मध्ये त्यांनी हार मानली. मध्ये गेली सोळा वर्षं. पैजेच्याच वर्षी, १९७४ मध्ये, मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून बसलेले. मराठी वाचकांच्या कानावर हा शब्द इतक्या लवकर पडला, ही नारळीकरांची कृपा. शब्द सुरेख आहे, फक्त त्यातल्या 'विवर'नं फसू नका. तिथे भोक नाही, प्रचंड वस्तुमान आहे.

सोळा वर्षांत एकच निर्णायक पुरावा सापडला नाही, अनेक लहान पुरावे एका बाजूला जमत गेले. त्यातला एक सांगतो. न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग असतो. त्यावर जोडीदाराचा वायू साठतो आणि मधूनमधून अणुस्फोट होऊन क्ष-किरणांचा भडका उडतो. ज्यांना वस्तुमानावरून कृष्णविवर ठरवलं आहे, त्यांच्यात असे भडके दिसत नाहीत. साठायला पृष्ठभागच नाही. हे नुसतं 'उरलं ते' म्हणणं राहिलं नाही. कृष्णविवराचा स्वतःचा धर्म इथे दिसायला लागला.

मोजमाप अजून चालूच आहे. २०११ मध्ये हंस एक्स-१ चं अंतर ६,०७० प्रकाशवर्षं आणि वस्तुमान सूर्याच्या १४.८ पट ठरलं. २०२१ मध्ये रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यानं पुन्हा मोजलं, तर अंतर ७,२०० प्रकाशवर्षं आणि वस्तुमान २१ पट. अंतर थोडं वाढलं आणि कृष्णविवर दीडपट जड झालं. आपला 'अॅस्ट्रोसॅट' उपग्रहही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली उपकरणं घेऊन त्याच्याकडे पाहून आलेला आहे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या, तेव्हा तर प्रकाशाची गरजच उरली नाही. दोन कृष्णविवरं एकमेकांचे जोडीदार होती आणि एकमेकांत विलीन झाली. गोंगाटात बुडालेला तो क्षीण संकेत ओळखण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी नव्वदच्या दशकापासून काम करत होते. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आज नको.

आता तो लोखंडी गोळा. हंस एक्स-१ सापडला, कारण तो निळ्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो आणि आत पडताना तो वायू लाखो अंशांना तापतो. तो धूर. पण ज्यांच्यात काहीच पडत नाही, त्यांचं काय? ती तर बहुसंख्य असणार. २०२२ साली युरोपच्या 'गाया' उपग्रहाच्या नोंदींतून भुजंगधारी तारकासमूहातला एक तारा पुढे आला. अगदी आपल्या सूर्यासारखा, सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर. क्ष-किरण नाहीत, लुकलुकणं नाही. तो फक्त साधारण १८६ दिवसांत कुणाभोवती तरी एक फेरी घालतो, आणि त्या कुणाचं वस्तुमान सूर्याच्या साडेनऊ पटींहून किंचित जास्त भरतं. इथे मिशेल यांच्या निबंधातलं सोडून दुसरं काहीच वापरलेलं नाही. एक दिसणारा तारा, आणि त्याची चाल.

प्रश्न असतील तर घेऊ या. मागचे श्रोते, तुम्ही आधी.